निकाल ते फाशी, अठरा तास: पार्क चुंग-ही यांची युशिन राजवट आणि जनक्रांती पक्षाचे प्रकरण

८ एप्रिल १९७५ रोजी सकाळी दक्षिण कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 'जनक्रांती पक्ष' या कथित गुप्त कम्युनिस्ट पक्षाच्या प्रकरणात आठ जणांची फाशी कायम केली. निकाल वाचला जात असताना आरोपी न्यायालयात नव्हते. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता सोलमधील सोदेमुन तुरुंगात त्या आठही जणांना एकामागून एक फासावर चढवण्यात आले. निकाल आणि पहिली फाशी यांत साधारण अठरा तासांचे अंतर होते. फेरसुनावणीचा अर्ज लिहून काढायलाही तेवढा वेळ पुरला नसता. खटला संपला, आता तरी भेट मिळेल, अशा आशेने काही जणांच्या बायका त्या सकाळी तुरुंगाच्या दाराशी गेल्या, तेव्हा आपण विधवा झालो आहोत हे त्यांना कळले. अटकेपासून जवळजवळ वर्षभर त्यांना एकदाही नवऱ्याला भेटू दिले गेले नव्हते.

लष्करी उठावातून सत्तेवर आलेले तेव्हाचे अध्यक्ष पार्क चुंग-ही यांच्या अठरा वर्षांच्या कारकिर्दीबद्दल बोलताना बहुतेक जण ताळेबंद मांडतात. जमेच्या बाजूला निर्यात, पोलाद, महामार्ग आणि गरिबीतून वर आलेला देश. खर्चाच्या बाजूला तुरुंग, छळ आणि गप्प केलेली वृत्तपत्रे. मग ज्याची त्याची आवड पाहून शिल्लक काढली जाते. मला ही पद्धत मुळातच चुकीची वाटते, कारण ती राजवट प्रत्यक्षात कशी चालत होती हेच तिच्यातून दिसत नाही. या आठ जणांच्या प्रकरणात मात्र ते दिसते. गुप्तचर संस्था, सरकारी वकील, लष्करी न्यायालय, सर्वोच्च न्यायालय, तुरुंग आणि पोलीस यांपैकी प्रत्येकाने आपापला कागद नियमाप्रमाणे पुढे सरकवला, आणि त्या कागदांच्या शेवटी आठ प्रेते होती. म्हणून या लेखात पार्क यांच्या राजवटीकडे या एकाच प्रकरणातून पाहिले आहे.

सत्तेपर्यंतचा रस्ता

पार्क यांचा जन्म १९१७ साली उत्तर ग्योंगसांग प्रांतातील गुमी परिसरात एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. काही काळ शाळामास्तर म्हणून काम केल्यावर ते जपानच्या ताब्यातील मांचुकुओच्या, म्हणजे मांचुरियातील बाहुल्या राज्याच्या, लष्करी अकादमीत दाखल झाले आणि पुढे जपानच्या शाही लष्करी अकादमीतून शिकून मांचुकुओच्या सैन्यात अधिकारी झाले. कोरिया स्वतंत्र झाल्यावर ते नव्या कोरियन सैन्यात आले. येथे त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. १९४८ मध्ये योसू आणि सुनचोन येथील लष्करी बंडानंतर सैन्यातील डाव्यांची धरपकड झाली, तीत पार्क पकडले गेले. सैन्यातील कम्युनिस्ट गटाशी संबंध असल्याबद्दल लष्करी न्यायालयाने त्यांना जन्मठेप दिली. सहकाऱ्यांची माहिती दिल्यामुळे आणि वरिष्ठांनी रदबदली केल्यामुळे ती शिक्षा कमी करून स्थगित झाली, आणि १९५० मध्ये युद्ध पेटल्यावर ते पुन्हा गणवेशात आले. त्यांचे थोरले भाऊ १९४६ च्या देगू उठावात मारले गेले होते. पुढे ज्या आरोपाखाली त्यांच्या राजवटीने आठ जणांना फासावर दिले, त्याच जातीच्या आरोपातून ते स्वतः जिवंत सुटलेले होते.

१६ मे १९६१ रोजी मेजर जनरल पार्क यांनी काही हजार सैनिकांनिशी सोल ताब्यात घेतले आणि आदल्या वर्षीच्या विद्यार्थी उठावातून आलेले, वर्षभरही न टिकलेले चांग म्योन यांचे लोकनियुक्त सरकार संपवले. पुढच्याच महिन्यात कोरियन मध्यवर्ती गुप्तचर संस्था, म्हणजे केसीआयए, उभी राहिली. देशाबाहेरच्या हेरगिरीपेक्षा देशातल्या माणसांवर नजर ठेवणे हेच तिचे मुख्य काम झाले. १९६३ मध्ये पार्क गणवेश उतरवून निवडणुकीला उभे राहिले आणि युन पो-सुन यांच्याविरुद्ध दीड लाखांच्या आसपास मतांनी, म्हणजे काठावर, निवडून आले. १९६७ मध्ये ते पुन्हा जिंकले. तिसऱ्यांदा उभे राहता यावे म्हणून १९६९ मध्ये राज्यघटना बदलण्यात आली. १९७१ च्या निवडणुकीत विरोधी उमेदवार किम दे-जुंग यांना ४५ टक्क्यांहून अधिक मते मिळाली, आणि यापुढे मतपेटीचा भरवसा धरता येणार नाही हे पार्क यांना उमगले.

युशिन

१७ ऑक्टोबर १९७२ रोजी त्यांनी मार्शल लॉ पुकारला, संसद विसर्जित केली आणि राज्यघटनेची काही कलमे गोठवली. त्याच वर्षी जुलैत उत्तर कोरियाबरोबर संयुक्त निवेदन झाले होते. देशाच्या एकीकरणासाठी खंबीर सरकार हवे, असे कारण आता पुढे केले गेले. नोव्हेंबरमध्ये मार्शल लॉच्या छायेत सार्वमत घेतले, त्यात ९१ टक्क्यांहून अधिक मते नव्या राज्यघटनेच्या बाजूने पडली. तिचे नाव युशिन. जपानमधील मेजी काळाच्या पुनरुत्थानासाठी वापरल्या जाणाऱ्या 'इशिन' या शब्दाचेच ते कोरियन रूप आहे, आणि पार्क यांचे प्रशिक्षण कोठे झाले होते हे लक्षात घेतले तर तो शब्द सहज सुचलेला नाही.

या राज्यघटनेने अध्यक्षांची थेट निवडणूक बंद केली. एकीकरणासाठीच्या राष्ट्रीय परिषदेचे प्रतिनिधी सोलमधल्या जांगचुंग व्यायामशाळेत जमून अध्यक्ष निवडू लागले. २३ डिसेंबर १९७२ रोजी २,३५९ पैकी २,३५७ मते पार्क यांना पडली आणि उरलेली दोन बाद ठरली. अशा अध्यक्षांना कोरियात आजही 'व्यायामशाळेतले अध्यक्ष' म्हणतात. मुदत सहा वर्षांची, आणि कितीदा निवडून यावे याला मर्यादा नाही. संसदेचे एक तृतीयांश सभासद अध्यक्षांच्या शिफारशीवर. सर्व न्यायाधीशांची नेमणूक अध्यक्षांच्या हाती. कलम ५३ नुसार अध्यक्षांना 'आणीबाणीचे उपाय' जाहीर करता येत, आणि त्यांची तपासणी करण्याचा अधिकार न्यायालयांना नव्हता.

आधी न्यायालय

अध्यक्षाने न्यायाधीश नेमावेत हे कागदावर निरुपद्रवी दिसणारे कलम प्रत्यक्षात काय करते, ते १९७१ आणि १९७३ च्या दोन घटना शेजारी ठेवल्या की कळते. माझ्या मते पुढच्या सगळ्या प्रकरणाची किल्ली येथे आहे.

सैनिकाला किंवा पोलिसाला सेवेत असताना सरकारी यंत्रणेच्या चुकीमुळे इजा झाली किंवा मृत्यू आला, तर ठरलेल्या निवृत्तिवेतनापलीकडे सरकारकडे नुकसानभरपाई मागता येणार नाही, अशी तरतूद त्या काळच्या कायद्यात होती. व्हिएतनाममध्ये हजारो कोरियन सैनिक लढत असताना या तरतुदीचा पैशाशी थेट संबंध होता. जून १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सोळापैकी नऊ न्यायमूर्तींनी ती घटनाबाह्य ठरवली. जुलैच्या अखेरीस सोलमधील काही न्यायाधीशांवर लाच घेतल्याच्या आरोपावरून अटक वॉरंट मागण्यात आले, आणि त्याच्या निषेधार्थ देशभरातील न्यायाधीशांनी राजीनामे दिले. कोरियाच्या न्यायालयीन इतिहासात ते पहिले मोठे बंड मानले जाते. राजीनामे पुढे मागे घेतले गेले. सरकारने मात्र काही मागे घेतले नाही. युशिन राज्यघटना लिहिताना न्यायालयाने रद्द केलेली तीच तरतूद थेट घटनेत घालण्यात आली, म्हणजे ती घटनाबाह्य आहे असे म्हणायची सोयच उरली नाही. आणि १९७३ मध्ये न्यायाधीशांच्या फेरनेमणुका झाल्या, तेव्हा ज्या नऊ न्यायमूर्तींनी १९७१ मध्ये सरकारविरुद्ध मत दिले होते, त्यांपैकी एकाचीही पुन्हा नेमणूक झाली नाही.

कोणत्याही न्यायाधीशाला तुरुंगात टाकावे लागले नाही. नऊ नावे यादीतून गळली, आणि बाकीच्यांना त्यातून जे समजायचे ते समजले. एप्रिल १९७५ मध्ये खुर्चीवर बसलेले न्यायालय या चाळणीतून उरलेले न्यायालय होते.

प्रकरण

युशिनविरुद्धचा विरोध १९७३ च्या शरद ऋतूत विद्यापीठांतून उसळला. त्याआधी ऑगस्टमध्ये केसीआयएने किम दे-जुंग यांना टोकियोतील एका हॉटेलातून पळवून सोलमध्ये आणून सोडले होते. ८ जानेवारी १९७४ रोजी आणीबाणीचा पहिला उपाय आला: राज्यघटनेला विरोध करणे, ती बदला असे म्हणणे, तशी सही-मोहीम काढणे, यांपैकी कशालाही पंधरा वर्षांपर्यंत कैद. दुसऱ्या उपायाने नागरिकांवर खटले चालवण्यासाठी लष्करी न्यायालये उभी केली. ३ एप्रिल १९७४ रोजी चौथा उपाय आला, आणि त्याचे लक्ष्य एकच होते: राष्ट्रीय लोकशाही युवक व विद्यार्थी लीग. या लीगशी संबंध ठेवणे, तिला मदत करणे, इतकेच काय, तिच्या नावाने वर्गात गैरहजर राहणे यालाही मृत्युदंडापर्यंत शिक्षा होती. हजाराहून अधिक लोकांना चौकशीसाठी उचलण्यात आले.

ही लीग म्हणजे वेगवेगळ्या विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनी एकाच दिवशी निदर्शने करण्यासाठी पत्रकावर घातलेले नाव होते. परंतु पोरांनी निदर्शने ठरवली, एवढ्यावर मृत्युदंडाचा हुकूम उभा राहत नाही. त्यांच्या मागे कोणी प्रौढ, कोणी उत्तर कोरियाचा हस्तक असावा लागतो. तो हस्तक केसीआयएने जुन्या फायलीतून काढला.

ती फाईल १९६४ ची होती. जपानशी संबंध पूर्ववत करण्याविरुद्ध त्या वर्षी मोठी आंदोलने झाली, तेव्हा केसीआयएने 'जनक्रांती पक्ष', कोरियनमध्ये इनह्योकदांग, नावाचा गुप्त कम्युनिस्ट पक्ष सापडल्याची घोषणा केली होती. त्या वेळी एक वेगळी गोष्ट घडली. प्रकरण हाताळणाऱ्या सरकारी वकिलांनी पुराव्याच्या नावाने काही नाही म्हणून आरोपपत्रावर सही करायला नकार दिला आणि त्यांपैकी काहींनी राजीनामे दिले. दुसऱ्याच अधिकाऱ्याकडून आरोपपत्र दाखल करून घ्यावे लागले, आणि दो ये-जोंग यांना तीन वर्षे, इतर काहींना वर्षभराची कैद, एवढ्यावर ते प्रकरण संपले. तोच पक्ष 'पुन्हा उभारला जात होता' आणि त्याची 'पुनर्बांधणी समिती' विद्यार्थ्यांना चालवत होती, असे १९७४ मध्ये सांगण्यात आले. या वेळी नकार द्यायला कोणी शिल्लक नव्हते.

तेवीस जणांवर खटला झाला. फाशी गेलेल्या आठ जणांची नावे अशी: दो ये-जोंग, सो दो-वोन, हा जे-वान, सोंग सांग-जिन, ऊ होंग-सोन, किम योंग-वोन, ली सू-ब्योंग आणि यो जोंग-नाम. त्यांच्यात एक शाळेतील शिक्षक होते, एक जपानी भाषा शिकवत, एक पूर्वी पत्रकार होते, एक मधमाश्या पाळत. यो जोंग-नाम हे देगूच्या ग्योंगबुक विद्यापीठातील माजी विद्यार्थी नेते होते. समिती आणि विद्यार्थी यांच्यातला दुवा म्हणून त्यांना दाखवण्यात आले. यांपैकी बरेच जण देगू आणि आसपासचे, म्हणजे पार्क यांच्याच मुलखातले. ते सरकारविरोधी होते, हे खरे. १९६० च्या उठावानंतर एकीकरणासाठी चाललेल्या चळवळीत त्यांतले अनेक जण होते आणि युशिन त्यांना मान्य नव्हते. हा जे-वान यांनी उत्तर कोरियाचे रेडिओ प्रक्षेपण ऐकून त्यातील भाषण वहीत उतरवून घेतले होते, हेही खरे, आणि त्या काळी तो गुन्हा होता. पण पक्ष, समिती, शस्त्रे, बंडाची योजना यांतले काहीही नव्हते. होती ती एक वही, काही ओळखीपाळखी आणि कबुलीजबाब. कबुलीजबाब कसे मिळवले हे नंतर तपशीलवार बाहेर आले: पाण्यात बुडवणे, विजेचे झटके, झोप न देणे. हा जे-वान यांचे आतडे छळामुळे बाहेर आले होते.

लष्करी न्यायालयात नागरिकांवरचा हा खटला जुलै १९७४ मध्ये उरकला गेला. वकिलांनाही सुटका नव्हती. विद्यार्थ्यांच्या बाजूने उभे राहिलेले वकील कांग शिन-ओक यांनी, आपण वकिलाच्या जागेऐवजी आरोपींच्या शेजारी बसणे पसंत करू, अशा अर्थाचे उद्गार युक्तिवादात काढले, तर त्यांनाच पकडून शिक्षा ठोठावण्यात आली. सुनावणीच्या नोंदी आरोपी जे बोलले त्याच्या उलट लिहिल्या गेल्या, हे पुढे चौकशी आयोगाने दाखवून दिले. म्हणजे न्यायालयात उभे राहून 'मला मारून हे वदवून घेतले' असे म्हणणाऱ्याच्या नावापुढे अपिलात पोचलेल्या कागदावर कबुली होती.

२३ ऑगस्ट १९७४ रोजी पहिला आणि चौथा उपाय पार्क यांनी स्वतःच उठवला, परंतु चालू खटल्यांना हे लागू नाही अशी पुस्ती जोडून. ज्या हुकुमाखाली माणसे मृत्यूच्या दारात उभी होती, तो हुकूम देशात आता अस्तित्वात नव्हता. फेब्रुवारी १९७५ मध्ये युशिनवर पुन्हा सार्वमत घेऊन झाल्यावर बहुतेक विद्यार्थी आणि कवी किम जी-हा यांना सोडण्यात आले. जनक्रांती पक्षाच्या आरोपींना वगळले. किम जी-हा यांनी बाहेर येताच, तुरुंगात भिंतीपलीकडून हा जे-वान यांच्याकडून ऐकलेली छळाची हकिकत दोंग-आ इल्बो या दैनिकात लिहिली. मार्चमध्ये ते पुन्हा आत होते. आरोपींच्या बायका दर गुरुवारी सोलमधील ख्रिस्ती प्रार्थनासभेला जात; त्यांच्यासाठी जाहीर प्रार्थना करणारे अमेरिकन मेथॉडिस्ट मिशनरी जॉर्ज ओगल यांना डिसेंबर १९७४ मध्ये देशाबाहेर काढले गेले, आणि फाशीनंतर काही आठवड्यांत कॅथॉलिक धर्मगुरू जेम्स सिनॉट यांनाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या तेरा न्यायमूर्तींपैकी ली इल-ग्यू या एकट्यांनी विरुद्ध मत नोंदवले, तेही खालच्या न्यायालयाने कार्यपद्धती पाळली नाही या मुद्द्यावर. त्या काळात तेवढे लिहायलाही धैर्य लागत होते, आणि म्हणूनच बाकीच्या बारा जणांचे मौन जास्त बोलके आहे. त्याच दिवशी आणीबाणीचा सातवा उपाय काढून कोरिया विद्यापीठ बंद करण्यात आले. व्हिएतनाममध्ये सायगॉन पडायला तीन आठवडे उरले होते, आणि आता आपली पाळी, ही भीती सरकारने पद्धतशीर वापरली. आठ फाश्या ही विद्यापीठांना दिलेली ताकीद होती, असे मला वाटते. इतक्या घाईचे दुसरे कोणतेही कारण त्या कागदांत सापडत नाही.

फाशीनंतरही यंत्रणा थांबली नाही. सोंग सांग-जिन यांची शववाहिका प्रार्थनेसाठी चर्चकडे निघाली, तेव्हा पोलिसांनी ती रस्त्यात अडवली आणि धर्मगुरू व नातेवाईक आडवे आल्यावर क्रेन आणून उचलून नेली. प्रेत परस्पर जाळून टाकण्यात आले. अंगावरच्या छळाच्या खुणा कोणी पाहू नयेत म्हणून हे केले, असे कुटुंबीय तेव्हापासून सांगत आले. जिनीव्हातील आंतरराष्ट्रीय विधिज्ञ आयोगाने तो दिवस न्यायाच्या इतिहासातला काळा दिवस म्हणून नोंदवला. ११ एप्रिलला किम सांग-जिन या सोल राष्ट्रीय विद्यापीठातील विद्यार्थ्याने निषेधसभेत स्वतःच्या पोटात सुरा खुपसला आणि दुसऱ्या दिवशी तो मरण पावला. १३ मे रोजी नववा उपाय आला आणि तो पार्क यांच्या मृत्यूनंतरच उठला. त्याखाली शिक्षा झालेल्यांत मोठा भाग गुत्त्यात, बसमध्ये किंवा वर्गात राज्यकर्त्यांबद्दल काही बोलून गेलेल्या साध्या माणसांचा होता.

विकासाचे समर्थन

येथे वाचक विचारेल, आणि कोरियात आजही विचारतात, की हे सगळे मान्य केले तरी देश उभा राहिला ना? प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याला टाळून पुढे जाणार नाही. १९६१ मध्ये दक्षिण कोरियाचे दरडोई उत्पन्न शंभर डॉलरच्याही खाली होते. १९६४ मध्ये निर्यात दहा कोटी डॉलरवर पोचली, तो दिवस पुढे 'निर्यात दिन' झाला. १९७७ मध्ये ती हजार कोटी डॉलरवर गेली. बँका सरकारच्या ताब्यात होत्या, निर्यातीचे लक्ष्य गाठणाऱ्याला स्वस्त कर्ज मिळे, न गाठणाऱ्याचे बंद होई, आणि दरमहा निर्यात-बैठकीत अध्यक्ष स्वतः बसत. ज्यांचे लहानपण भुकेत गेले, त्या पिढीच्या मनात पार्क यांच्याबद्दल जी कृतज्ञता आहे ती खोटी नाही, आणि तिच्याकडे तुच्छतेने पाहण्याचा अधिकार बाहेरच्या कोणाला नाही.

पण तारखा नीट पाहिल्या पाहिजेत. जपानबरोबरचा करार आणि त्यातून मिळालेले ३० कोटी डॉलरचे अनुदान व २० कोटींचे सरकारी कर्ज १९६५ चे. सोल ते पुसान महामार्ग जुलै १९७० मध्ये खुला झाला. तो बांधताना ७७ कामगार मेले. पोहांगच्या पोलाद कंपनीची स्थापना १९६८ ची. खेड्यांसाठीच्या सेमाउल चळवळीची सुरुवात १९७० ची. म्हणजे ज्यांचे दाखले युशिनच्या समर्थनात दिले जातात, त्यांतल्या बहुतेक गोष्टी युशिनच्या आधी, निवडणुका आणि विरोधी पक्ष असतानाच सुरू झाल्या होत्या. युशिनच्या काळातली खरी मोठी आर्थिक झेप म्हणजे जानेवारी १९७३ मध्ये जाहीर झालेली अवजड व रसायन उद्योगांची मोहीम. जहाजबांधणी, यंत्रे, रसायने यांत कोरिया आज जेथे आहे त्याची पायाभरणी तीत झाली, हे नाकारता येत नाही. तिचे एक शिल्पकार ओ वॉन-चोल यांनी पुढे असे मांडले की ही मोहीम आणि युशिन एकमेकांपासून वेगळे करता येणार नाहीत. तरीही एक शिक्षक आणि एक मधपाळ फासावर गेल्यामुळे उल्सानच्या गोदीत कोणते जहाज लवकर पाण्यात उतरले, हे त्यांच्या मांडणीतून कळत नाही. आणि १९७९ येईपर्यंत त्याच मोहिमेने वाढवलेली महागाई आणि कर्जे राजवटीच्या गळ्याशी आली होती.

त्या विकासाचे ओझे कोणाच्या पाठीवर होते, हे दाखवणारी माणसेही होती. १३ नोव्हेंबर १९७० रोजी सोलच्या प्योंगह्वा बाजारातील बावीस वर्षांचा शिंपीकाम करणारा कामगार जॉन ते-इल याने, कामगार कायदा पाळा, आम्ही यंत्रे नाही, असे ओरडत स्वतःला पेटवून घेतले. ऑगस्ट १९७९ मध्ये वायएच या विग बनवणाऱ्या बंद पडलेल्या कंपनीच्या कामगार मुली विरोधी पक्षाच्या कार्यालयात धरणे धरून बसल्या; पोलिसांनी आत घुसून त्यांना बाहेर काढले, त्यात एक मुलगी मेली. विरोधी पक्षनेते किम योंग-साम यांची संसदेतून हकालपट्टी झाली, त्यांच्या पुसानमध्ये आणि शेजारच्या मासानमध्ये लोक रस्त्यावर आले, आणि २६ ऑक्टोबर १९७९ च्या रात्री केसीआयएचे प्रमुख किम जे-ग्यू यांनी जेवणाच्या मेजावर पार्क यांना गोळ्या घातल्या. १९६१ मध्ये उभी केलेली संस्था शेवटी आपल्या निर्मात्याकडेच वळली.

बत्तीस वर्षांनी

पार्क गेले तरी प्रकरण मिटले नाही. लष्करी अधिकारी चुन दू-ह्वान यांनी सत्ता बळकावली, त्यामुळे जनक्रांती पक्षाच्या उरलेल्या कैद्यांपैकी अनेकांना १९८२ पर्यंत तुरुंगात राहावे लागले. शेजारी 'लाल कुटुंब' म्हणून ओळखायचे. लहान मुलाला इतर मुलांनी झाडाला बांधून मृत्युदंडाचा खेळ खेळल्याची आठवण एका कुटुंबाने सांगितली आहे. लोकशाही १९८७ मध्ये आली, परंतु संशयास्पद मृत्यूंच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने हे प्रकरण केसीआयएने रचले होते असे सांगायला २००२ उजाडावे लागले. कुटुंबांनी फेरखटल्याचा अर्ज केला, आणि २३ जानेवारी २००७ रोजी सोलच्या मध्य जिल्हा न्यायालयाने आठही जणांना निर्दोष ठरवले. सरकारने अपील केले नाही. त्या वर्षी ऑगस्टमध्ये न्यायालयाने राज्याला भरपाई द्यायला सांगितली, ती व्याजासह सुमारे ६३.७ अब्ज वॉन झाली. दावा मुदतीत नाही, हा सरकारचा बचाव न्यायालयाने फेटाळला. कुटुंबांनी त्यातून रक्कम काढून ९ एप्रिलच्या नावाने एक प्रतिष्ठान उभे केले.

जे जिवंत राहिले त्यांचे मात्र वेगळे झाले. तुरुंगवास भोगलेल्यांनाही न्यायालयाने भरपाई दिली आणि तिचा मोठा भाग अंतिम निकालाआधीच हाती पडला. म्हाताऱ्या माणसांनी जुनी कर्जे फेडली, घरे घेतली. मग जानेवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याज कोणत्या तारखेपासून मोजायचे याचा नियम बदलला, आणि आधी मिळालेली रक्कम जास्त ठरली. २०१३ मध्ये राष्ट्रीय गुप्तचर सेवेने, म्हणजे केसीआयएच्या वारसदार संस्थेने, पैसे परत मिळवण्यासाठी ७७ जणांवर दावे लावले. न फेडलेल्या रकमेवर व्याज चढत गेले आणि काहींच्या घरावर जप्ती आली. ज्यांना त्या संस्थेने एकदा छळून कबुली घेतली, त्यांना तिने दुसऱ्यांदा कर्जदार केले. हे वाचताना मला राग आवरत नाही. जून २०२२ मध्ये एका प्रकरणात न्यायालयाने सुचवलेली तडजोड मान्य करून सरकारने व्याज सोडले. तोपर्यंत अकरा वर्षे गेली होती.

राजकारणात हे प्रकरण २०१२ मध्ये परत आले. पार्क यांच्या कन्या पार्क ग्युन-हे अध्यक्षपदाच्या उमेदवार होत्या. जनक्रांती पक्षाबाबत न्यायालयाचे दोन वेगवेगळे निकाल आहेत, निर्णय इतिहासावर सोडावा, असे त्या सप्टेंबरमध्ये एका रेडिओ मुलाखतीत म्हणाल्या. म्हणजे छळातून काढलेला निकाल आणि तो रद्द करणारा निकाल एकाच तागडीत. विधवांनी जाहीरपणे संताप व्यक्त केला, आणि दोन आठवड्यांनी उमेदवाराला पत्रकार परिषद घेऊन, युशिन आणि जनक्रांती पक्षाच्या प्रकरणाने राज्यघटनेच्या मूल्यांना हानी पोचवली असे म्हणत माफी मागावी लागली. त्या निवडून आल्या. मार्च २०१७ मध्ये घटना न्यायालयाने त्यांना पदावरून दूर केले.

आणीबाणीच्या उपायांवर न्यायालयांनी हळूहळू निकाल दिले. पहिला उपाय डिसेंबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, आणि पहिला, दुसरा व नववा मार्च २०१३ मध्ये घटना न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला. पण २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच सांगितले, की असा उपाय काढणे हे उच्च राजकीय कृत्य असल्याने नववा उपाय घटनाबाह्य असला तरी त्यासाठी राज्याकडे भरपाई मागता येणार नाही. ही भूमिका पूर्णपीठाने ३० ऑगस्ट २०२२ रोजी सोडली. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी नवव्या उपायाखाली पकडलेल्या माणसाला तेव्हा कोठे वाट मोकळी झाली, जर तो जिवंत असला तर.

देगूत डिसेंबर २०२४ मध्ये रेल्वे स्थानकासमोरच्या चौकात पार्क यांचा पुतळा बसला. त्याच महिन्याच्या तीन तारखेला अध्यक्ष युन सुक-योल यांनी मार्शल लॉ पुकारला होता, १९७९-८० नंतर प्रथमच. संसदेने तो काही तासांत मतदानाने रद्द केला, आणि चार महिन्यांनी घटना न्यायालयाने युन यांना पदावरून काढले. त्या रात्री संसदेबाहेर सैनिकांसमोर उभ्या राहिलेल्या वयस्क माणसांपैकी अनेकांना युशिनचे दिवस आठवत होते.

आणि १९७१ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी रद्द केलेली ती तरतूद, सैनिकाने राज्याकडे भरपाई मागू नये असे सांगणारी? युशिनने ती राज्यघटनेत घातली. लोकशाही आंदोलनानंतर १९८७ मध्ये राज्यघटना नव्याने लिहिली गेली, अध्यक्षांची थेट निवडणूक परत आली, आणीबाणीचे उपाय गेले. ती तरतूद मात्र कलम २९ च्या दुसऱ्या उपकलमात आजही आहे.